कंपनीच्या कचेरीतलं संग्रहालय

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, बिस्बी नावाचं गाव आहे. तांब्याच्या खाणींमुळे वसलेलं. खाणी 1975 साली बंद पडल्या, गाव मात्र टिकून राहिलं. मुलगा टूसॉनला नोकरीला असल्यामुळे आमचं तिकडे जाणं झालं. आठवड्याच्या शेवटी कुठे जायचं याची यादी त्याने पुढे केली आणि मी बिस्बीवर बोट ठेवलं. माझं सगळं लहानपण बल्लारपूरकडच्या एका कोळसा खदानीच्या क्वार्टरमध्ये गेलं आहे. बाबा तिथल्या लॅम्प रूममध्ये होते. सून म्हणाली, "आई, इतक्या लांब येऊन तुम्ही खदानच बघणार?" ह्यांनी लगेच तिच्या बाजूने मान डोलावली. पण शनिवारी सकाळी गाडी निघाली ती बिस्बीकडेच.

बेन्सनपर्यंत मोठा हमरस्ता आहे. तिथून 80 नंबरचा रस्ता टूम्बस्टोनवरून जातो. टूम्बस्टोन म्हणजे 1881 सालच्या एका गोळीबारावर आजतागायत जगणारं गाव. चामडी टोप्या घातलेले नट तिथे तिकीट लावून तोच गोळीबार पुन्हा पुन्हा करून दाखवतात. आम्ही चहासाठी थांबलो, चहा मिळाला नाही, पुढे निघालो. मग घाट लागतो, डोंगराच्या पोटातून 1958 साली काढलेला बोगदा येतो आणि बोगदा संपताच बिस्बी एकदम समोर उभं राहतं. दोन्ही बाजूंच्या उतारांवर रंगीबेरंगी लाकडी घरं, एकाच्या छपराच्या पातळीवर दुसऱ्याचं अंगण. घरापर्यंत रस्ता नाही, नुसत्या सिमेंटच्या पायऱ्या. गावाच्या जुन्या भागात पोस्टमन आजही घरोघर टपाल टाकत नाही, माणसं पोस्टात येऊन घेऊन जातात. गावाला ज्यांचं नाव मिळालं ते डिविट बिस्बी हे गृहस्थ खाणीत पैसे घालणाऱ्यांपैकी एकाचे सासरे. ते इथे कधी आलेच नाहीत.

आधी खाण पाहिली. क्वीन माइन असं तिचं नाव. खाणी बंद पडून वर्ष होत नाही तोच, 1976 च्या फेब्रुवारीत, गावाने ती पाहुण्यांसाठी खुली केली. त्यासाठी गावकऱ्यांनी पडलेली दगडमाती स्वतः हातांनी उपसली होती. तिकीट काढलं की डोक्याला हेल्मेट, त्यावर दिवा, अंगात पिवळं जाकीट, आणि एक पितळी बिल्ला देतात. तो बिल्ला हातात घेतल्यावर मी रांगेतच थांबले. मागचा माणूस सभ्यपणे खोकला.

बाबांचं सगळं काम या बिल्ल्याचं होतं. माणूस खाली उतरताना टोकन द्यायचा आणि त्याच नंबरचा कॅप लॅम्प घ्यायचा. वर आला की लॅम्प परत, टोकन परत. लॅम्प रूमच्या फळीवर ओळीने खिळे होते. पाळी सुटल्यावर एखाद्या खिळ्यावर टोकन लटकलेलंच राहिलं, तर त्याचा अर्थ माणूस अजून खाली आहे असा व्हायचा, आणि मग बाबांना घरी यायची मुभा नसे. एकदा ते रात्रभर आले नाहीत. आईने चूल पेटती ठेवली होती. सकाळी कळलं की एक जण जुन्या गॅलरीत झोपून राहिला होता. बाबांनी घरी येऊन त्याला यथेच्छ शिव्या दिल्या, मग जेवले आणि झोपले. ही गोष्ट मी मुलाला बोगद्यात शिरता शिरता सांगितली. त्याने ती पहिल्यांदाच ऐकली.

आत जायला लहान रूळगाडी आहे. फळीवर दोन्हीकडे पाय टाकून, एकामागे एक बसायचं. गाडी डोंगरात साडेचारशे मीटरभर शिरते. आत बाराही महिने आठ अंश सेल्सिअस. आमच्याकडच्या खदानीतल्या दमट उकाड्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मला हा गारवा चमत्कारिक वाटला. आमचा गाइड वयस्कर होता. खाणी बंद पडायच्या आधीची शेवटची काही वर्षं त्याने इथेच काढली होती. बोलण्यात नाटक नव्हतं. सुरुवातीच्या काळात लोक मेणबत्त्या लावून काम करत, त्यासुद्धा मोजून मिळत, मग कार्बाइडचे दिवे आले, मग विजेचे. आधी छिन्नी-हातोड्याने भोकं पाडत. नंतर दाबाच्या हवेवर चालणारं ड्रिल आलं, तेव्हा काम झपाट्याने होऊ लागलं आणि कोरड्या दगडाची धूळ फुप्फुसात जाऊन माणसंही तितक्याच झपाट्याने मरू लागली. म्हणून त्या ड्रिलला खाणकामगार विधवा करणारं यंत्र म्हणत. ड्रिलमधून पाणी सोडायची सोय झाली, मगच धूळ बसली.

खेचरांचीही गोष्ट झाली. खनिजाच्या गाड्या ओढायला खेचरं खालीच ठेवत, तबेले जमिनीखालीच. गाड्या एकमेकींना जोडल्या की खटका वाजतो. खेचर म्हणे ते खटके मोजायचं, आणि नेहमीपेक्षा एक जरी गाडी जास्त जोडली तरी जागचं हलायचं नाही. "युनियन फक्त त्यांचीच मजबूत होती," गाइड म्हणाला. सगळे हसले. तेव्हा ते वाक्य मला नुसता विनोद वाटलं होतं. खाणीतला संडासही त्याने दाखवला, रुळांवरून ढकलत न्यायची दोन बैठकांची लोखंडी गाडी. सुनेला सगळ्यात जास्त तेच आवडलं.

संग्रहालय खाणीपासून चालत जाण्याइतकं जवळ, गावाच्या मध्यावर आहे. दोन मजली विटांची इमारत. समोर हिरवळीवर खाणीतली जुनी यंत्रं मांडून ठेवलेली. ही इमारत 1897 ची, कॉपर क्वीन कन्सॉलिडेटेड मायनिंग कंपनीची मुख्य कचेरी. कोणाला कामावर घ्यायचं, कोणाला काढायचं, किती डॉलर द्यायचे, हे सगळं इथूनच ठरायचं. 1971 साली, म्हणजे खाणी अजून चालू असतानाच, तिचं संग्रहालय झालं. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेशी ते जोडलेलं आहे, त्यामुळे एवढ्याशा गावाच्या मानाने मांडणी फार नेटकी आहे. पाट्यांवरचा मजकूर थोडका आणि वाचनीय. आपल्याकडच्या सरकारी संग्रहालयात प्रत्येक वस्तूखाली फक्त 'तलवार', 'भांडे' असं लिहिलेलं वाचायची सवय असेल, तर फरक चटकन कळतो.

गावाची कुळकथा 1877 साली सुरू होते. अपाचे लोकांच्या मागावर असलेल्या घोडदळाच्या तुकडीबरोबर जॅक डन नावाचा वाटाड्या होता. पाणी शोधताना त्याला इथे खनिजाच्या खुणा दिसल्या. लष्कराची चाकरी सोडून खोदत बसणं त्याला शक्य नव्हतं, म्हणून त्याने जॉर्ज वॉरन या माणसाला गाठलं आणि आपल्या वतीने दावे नोंदवायला पाठवलं. वॉरनला दारूचं व्यसन. त्याने वाटेत दुसरेच भागीदार जमवले आणि डनला बाजूला ठेवून दावे आपल्या नावावर केले. पुढे कॉपर क्वीनमधला आपला हिस्सा त्याने 1880 साली एका पैजेवर लावला. पैज काय, तर घोड्यापेक्षा आपण जोरात धावू! मध्ये एका खुंटाला वळसा घालायचा होता, आणि वळताना घोडा मागे पडेल असा त्याचा हिशोब. घोडा मागे पडला नाही. वॉरन पुढे कंगाल होऊन वारला. ॲरिझोना राज्याच्या राजमुद्रेवर खोरं-कुदळ घेऊन उभा असलेला जो खाणकामगार आहे, तो मात्र त्याच्याच छायाचित्रावरून काढलेला आहे. माझ्या मुलाच्या वाहन परवान्याच्या राज्याची ही मुद्रा. त्याला हे ठाऊक नव्हतं.

वरच्या मजल्यावर खनिजं आहेत. ॲझुराइट गर्द निळं, मॅलॅकाइट हिरवं, आणि निळसर फिरोजा, ज्याला इथे बिस्बी ब्लू म्हणतात. खाणकामगार तो फिरोजा जेवणाच्या डब्यात लपवून बाहेर काढायचे असं सगळेच सांगतात, आणि सांगताना कोणाच्या चेहऱ्यावर अपराधी भाव नसतो. पहिल्या काळात इथल्या खनिजात शेकडा 23 इतकं तांबं मिळत असे. एडिसनचे दिवे, टेलिफोनच्या तारा, साऱ्या अमेरिकेला तांबं हवं होतं त्याच सुमाराला हे सापडलं. न्यूयॉर्कच्या फेल्प्स डॉज या व्यापारी पेढीने जेम्स डग्लस या जाणकार माणसाच्या सल्ल्याने इथे 1881 मध्ये पैसे घातले आणि चार वर्षांनी शेजारची कॉपर क्वीनही आपल्यात ओढली. बंद पडेपर्यंत बिस्बीतून आठ अब्ज पौंडांवर तांबं निघालं.

कॉर्नवॉलचे इंग्रज, आयरिश, फिन, सर्ब, मेक्सिकन असे लोक पोटामागे इथे आले. पण सगळ्यांना सारखी जागा नव्हती. मेक्सिकन मजुराला जमिनीखालचं, जास्त पगाराचं काम मिळत नसे. चिनी माणसाने दिवसा येऊन भाजी विकावी, सूर्य मावळायच्या आत गावाबाहेर जावं, असा दंडक होता. गोऱ्यांची वसाहत अशी गावाची ख्याती होती आणि गावाला तिचा अभिमान होता. आमच्या क्वार्टरच्या ओळींतही छत्तीसगडी, तेलुगू, उत्तर भारतीय, आपले मराठी असे सगळे होते, आणि कोणाच्या वाट्याला कोणतं काम यायचं हे पुष्कळदा नाव विचारूनच ठरायचं. त्यामुळे हे वाचून मला अमेरिकेबद्दल फारसं नाक मुरडता आलं नाही.

मग आम्ही 12 जुलै 1917 च्या छायाचित्रांपाशी आलो.

अमेरिका त्या वर्षी एप्रिलमध्ये महायुद्धात उतरली होती. तांब्याचा भाव चढला होता. कामगारांचं वेतन मात्र त्या हिशोबाने चढत नव्हतं. इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड ही जहाल संघटना गावात शिरली आणि तिने मागण्या ठेवल्या. ड्रिलवर एक नव्हे, दोन माणसं हवीत. माणसं खाली असताना सुरुंग उडवू नयेत. जमिनीखालच्या कामाला दिवसाला ठरावीक सहा डॉलर हवेत. कंपन्यांनी सगळ्या मागण्या धुडकावल्या आणि जूनच्या अखेरीस संप झाला. निम्म्याहून जास्त कामगार बाहेर पडले. संपात हाणामारी झाल्याचं कुठे नोंदलेलं नाही.

शेरीफ हॅरी व्हीलर याने सुमारे दोन हजार माणसांना तात्पुरते पोलीस नेमलं. दंडावर पांढरी पट्टी ही त्यांची ओळख. त्या पहाटेच्या स्थानिक वर्तमानपत्रात बायकामुलांनी रस्त्यावर येऊ नये अशी सूचना छापून आली होती. साडेसहाच्या सुमाराला घराघरांतून, खाणावळींतून माणसं उठवायला सुरुवात झाली. त्यात संपकरी होते, संपकऱ्यांना उधारी देणारे दुकानदार होते, नुसते कोणाचे तरी शेजारीही होते. त्यांना तीनेक किलोमीटर चालवत वॉरन इथल्या बेसबॉलच्या मैदानावर नेलं. कामावर यायला कबूल असेल त्याने बाहेर यावं, असं तिथे सांगितलं. उरलेल्या 1,186 जणांना रेल्वेच्या 23 डब्यांत कोंबलं. ते गुरांचे डबे होते आणि काहींत शेण साफ केलेलं नव्हतं. सोळा तास, जवळजवळ विनाअन्नपाणी, जुलैच्या वाळवंटी उन्हातून गाडी न्यू मेक्सिकोत गेली आणि हर्मानस नावाच्या आडस्थानकावर त्यांना सोडून परत आली. त्या सकाळी दोन माणसं मेली, एक संपकरी बाजूचा आणि एक पांढऱ्या पट्टीवाला. बातमी बाहेर फुटू नये म्हणून तार आणि टेलिफोनवर आधीच ताबा घेतला होता.

छायाचित्रं स्पष्ट आहेत. एकात बंदुकांच्या मधून माणसांची लांबलचक रांग चाललेली आहे. बहुतेकांच्या डोक्यावर टोप्या, काहींच्या अंगात कोट. दुसऱ्यात डब्यांची दारं उघडी आणि माणसं वर चढताहेत. दांडगाई दिसत नाही, गडबडही नाही. सगळं शिस्तीत चाललेलं आहे. तेच मला जास्त भयंकर वाटलं. एका सकाळीत फळीवरच्या बाराशे खिळ्यांवर टोकनं लटकलेलीच राहिली आणि त्यांचा हिशोब ठेवणाऱ्याने हिशोब विचारला नाही.

कंपनीचा तेव्हाचा अध्यक्ष वॉल्टर डग्लस, म्हणजे जेम्स डग्लसचाच मुलगा. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी चौकशी आयोग नेमला, आयोगाने हे कृत्य पूर्णपणे बेकायदा ठरवलं. डग्लस आणि व्हीलर यांच्यासह अनेकांवर खटला भरला. तो 1920 मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोचला, आणि आठ विरुद्ध एक मतांनी निकाल लागला की माणसांना असं उचलून नेणं हा संघराज्याच्या कायद्याखालचा गुन्हा होत नाही, राज्याने बघावं. राज्याने पाहिलं, ज्यूरीने आरोपीला निर्दोष सोडलं. शिक्षा कोणालाच झाली नाही. नेलेल्यांपैकी बहुतेक जण पुन्हा कधी बिस्बीत आले नाहीत.

तिथे बसलेल्या स्वयंसेवक बाईंशी मी बोलले. त्या गावातल्याच. म्हणाल्या, आम्ही लहान असताना हा विषय घरात निघत नसे. कोणाचा आजोबा गाडीत होता आणि कोणाचा पांढरी पट्टी बांधून दाराशी उभा होता, हे सगळ्यांना माहीत असायचं, पण बोलायचं नाही. एकाच घरातले दोघं दोन बाजूंना, असंही झालं होतं. शंभर वर्षं झाली तेव्हा, 2017 मध्ये, गावकऱ्यांनी तो सगळा प्रसंग रस्त्यावर करून दाखवला. 'बिस्बी 17' या माहितीपटात तो पाहायला मिळतो. टूम्बस्टोनच्या रोजच्या गोळीबारात आणि या एका दिवसाच्या नाटकात काय अंतर आहे ते त्या बाईंनी सांगायची गरज नव्हती.

या प्रकरणाची पाटी वाचताना मला इमारतीचं कौतुक वाटत होतं. ज्या कंपनीने माणसं हाकलली तिच्याच मुख्य कचेरीच्या भिंतीवर ती माणसं रांगेत उभी आहेत. बाकीच्या जगात अशा कचेऱ्यांची बहुधा हॉटेलं होतात. तरी एक गोष्ट नोंदवायला हवी: आम्ही गेलो त्या दिवशी रंगीत दगडांभोवती गर्दी होती आणि या छायाचित्रांसमोर मी नि मुलगा दोघंच होतो. संग्रहालयाने तरी काय करावं? बघणारा निळ्या दगडाकडेच जातो.

गावाला लागूनच लॅव्हेंडर पिट आहे. नावावरून जांभळ्या फुलांचं काही असेल असं वाटतं, पण हॅरिसन लॅव्हेंडर हे कंपनीच्या एका अधिकाऱ्याचं नाव. पन्नासच्या दशकात, चांगलं खनिज संपत आल्यावर, कंपनीने वरून डोंगरच कापायला घेतला, कारण आता शेकडा एकाहून कमी तांबं असलेल्या दगडातही नफा निघत होता. वाटेत कामगारांच्या वस्त्या आल्या, त्या हलवल्या. 1974 मध्ये काम थांबलं तेव्हा तीनशे एकरांचा, पावणेतीनशे मीटर खोल, तांबूस पायऱ्यापायऱ्यांचा खड्डा उरला. जाळीला नाक लावून लोक खाली बघतात. दुसऱ्या वर्षी जमिनीखालच्या खाणीही बंद झाल्या. घरं कवडीमोलाने विकली गेली, ती चित्रकारांनी, हिप्पींनी घेतली, आणि आज त्याच घरांत कॉफीची दुकानं आहेत. खाण नसलेल्या गावाला जगायला काहीतरी लागतं. बिस्बीने स्वतःचा इतिहास विकायला काढला, पण निदान नासका भाग बाजूला काढून ठेवला नाही.

बिस्बीच्या खाणी ज्या 1975 साली बंद पडल्या, त्याच साली आपल्याकडे राष्ट्रीयीकरण झालेल्या कोळसा खाणी कोल इंडियाच्या छत्राखाली आल्या आणि विदर्भातल्या खदानी वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, म्हणजे वेकोलिच्या झाल्या. बाबांच्या पगाराच्या चिठ्ठीवरचं नाव बदलल्याचं मला आठवतं. कंपनीच्या जमान्यातले हप्ते, ठेकेदार, युनियनच्या मारामाऱ्या, पाण्यात बुडालेल्या गॅलऱ्या हे सगळं बघितलेली माणसं आता नव्वदीकडे आहेत. सावनेरला वेकोलिने इको पार्क करून लोकांना खाण बघायची सोय केली आहे, ती चांगलीच गोष्ट आहे. पण खाण दाखवणं वेगळं आणि खाणीतल्या माणसांचे कागद जपणं वेगळं. बल्लारपूर, माजरी, राजुरा, वणी, उमरेड इथल्या ज्या घरांत जुनं टोकन, हजेरीचं कार्ड, पगाराची चिठ्ठी, संपाचं पत्रक किंवा पाळी सुटतानाचा एखादा फोटो पडून असेल, त्यांनी तो रद्दीत घालू नये. मागे पेन्सिलने माणसाचं नाव, खदानीचं नाव आणि साल लिहावं. म्हातारं माणूस घरात असेल तर मोबाइलवर त्याचं बोलणं तासभर टेप करून घ्यावं, आणि संप कोणी फोडला होता हेही विचारावं.